अर्ल, स्टीव्ह
(१७ जानेवारी १९५५ –       ). अमेरिकन गीतकार, गायक, संगीतनिर्माता व लेखक. पर्यायी कंट्री संगीत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाचा एक प्रमुख पूर्वसूरी. संपूर्ण नाव स्टीफन फेन अर्ल. व्हर्जिनिया राज्यातील फोर्ट मन्रो येथे त्याचा जन्म झाला. वडील विमानवाहतूक-नियंत्रक होते. त्याचे बालपण टेक्सस राज्यात, सॅन अँटोनिओ शहराजवळील शर्ट्‌झ या गावी गेले. शालेय शिक्षण त्याने अर्धवट सोडले व गिटार घेऊन लहानमोठ्या उपाहारगृहांतून तो गाऊ लागला.

अर्लच्या कारकीर्दीचे स्वरूप समजण्यासाठी कंट्री संगीताची पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात स्थायिक झालेल्या ब्रिटिश व आयरिश वसाहतकऱ्यांची कथागीते, चर्चमधील प्रार्थनागीते आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत यांच्या मिश्रणातून हे संगीत घडले. १९२७ मध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल येथे जिमी रॉजर्स व कार्टर कुटुंबीय यांची ध्वनिमुद्रणे झाली आणि त्याला व्यावसायिक रूप आले. दुसऱ्या महायुद्धानंतर नॅशव्हिल हे या व्यवसायाचे केंद्र बनले. तेथे गीतलेखन, गायन व वादन यांची कामे वेगवेगळ्या लोकांकडे सोपविली जात. त्यामुळे सफाई वाढली, पण गीतामागील व्यक्तीचा अनुभव दुरावला. या पद्धतीविरुद्ध वेळोवेळी प्रतिक्रिया उमटल्या. १९९० च्या सुमारास अंकल टुपेलो या वाद्यवृंदाने जुने कंट्री संगीत व पंक रॉक यांचा मेळ घातला. त्याची नो डिप्रेशन (१९९०) ही ध्वनिमुद्रिका या नव्या प्रवाहाची खूण ठरली व १९९५ मध्ये त्याच नावाचे नियतकालिकही निघाले. अर्लने मात्र याची सुरुवात त्याआधीच केली होती.

टेक्ससमधील कवी-गायक टाउन्स व्हॅन झँट (१९४४–९७) व गाय क्लार्क (१९४१–२०१६) हे अर्लचे गुरू होत. या दोघांच्या लेखी गीत ही प्रथम साहित्यकृती होती. क्लार्ककडून अर्लने रचनेतील काटेकोरपणा घेतला; व्हॅन झँटकडून निर्भय आत्मनिष्ठा घेतली, आणि तिच्याबरोबर आत्मनाशाची ओढही. १९७४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो नॅशव्हिलला आला. क्लार्कच्या वाद्यवृंदात त्याने बेस गिटारवादन केले. पुढे एका प्रकाशनसंस्थेसाठी इतर गायकांना गीते पुरविण्याचे काम तो करीत राहिला. स्वतःच्या नावावर पूर्ण ध्वनिमुद्रिका निघण्यासाठी त्याला जवळजवळ बारा वर्षे वाट पाहावी लागली.

गिटार टाउन (१९८६) या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेने कंट्री ध्वनिमुद्रिकांच्या क्रमवारीत अग्रस्थान मिळविले. लहान गावातील पेट्रोलपंपावर राबणारा तरुण, महामार्गावर भटकणारा गायक, घसरत्या मजुरीने गांजलेला कामगार अशी माणसे तिच्यातील गीतांतून बोलतात. एक्झिट झीरो (१९८७) नंतर आलेल्या कॉपरहेड रोड (१९८८) मध्ये त्याने कंट्री व रॉक यांतील सीमारेषा पुसून टाकली. तिच्यातील शीर्षकगीत एका टेनेसी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची कथा सांगते : आजोबा व वडील चोरून दारू गाळणारे, तर नातू व्हिएटनाम युद्धातून परतलेला व त्याच डोंगरात गांजा पिकविणारा. गरिबी, युद्ध व कायदा यांचे परस्परसंबंध कोणतेही भाष्य न करता केवळ कथनातून सूचित करण्याची अर्लची हातोटी येथे पूर्णत्वास गेलेली दिसते. शासनाला चकवा देणाऱ्या कुटुंबाचे हे गीत २०२३ मध्ये टेनेसी राज्याने आपल्या अधिकृत राज्यगीतांत समाविष्ट केले.

द हार्ड वे (१९९०) नंतर मात्र त्याची निर्मिती थांबली. तरुणपणापासून जडलेले हेरॉइनचे व्यसन पराकोटीला पोहोचले. सुमारे चार वर्षे त्याने नवीन ध्वनिमुद्रण केले नाही. १९९४ मध्ये मादक पदार्थविषयक गुन्ह्याबद्दल त्याला कारावासाची शिक्षा झाली. व्यसनमुक्तीच्या उपचारानंतर तो बाहेर आला, तेव्हा मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांचे दरवाजे त्याला जवळजवळ बंद झाले होते. या आपत्तीनेच त्याला व्यावसायिक अपेक्षांतून मुक्त केले. केवळ तंतुवाद्यांच्या साथीने केलेल्या ट्रेन अ कमिन (१९९५) पासून द रेव्हलूशन स्टार्ट्‌स नाउ (२००४) पर्यंतच्या दहा वर्षांत त्याने सात ध्वनिमुद्रिका सादर केल्या. आय फील ऑलराइट (१९९६) व एल कोराझोन (१९९७) या त्यांपैकी विशेष महत्त्वाच्या होत. द माउंटन (१९९९) ही डेल मकूरी यांच्या वाद्यवृंदासह केलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे ब्लूग्रास संगीताचे प्रणेते बिल मन्‌रो (१९११–९६) यांना वाहिलेली आदरांजली होय. याच काळात जॅक इमर्सन याच्यासह त्याने स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. ल्यूसिंडा विल्यम्स हिच्या कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड (१९९८) या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या निर्मितीतही त्याचा वाटा होता.

देहदंडाला विरोध हा अर्लच्या जीवनातील व गीतांतील एक स्थायी विषय आहे. ‘बिली ऑस्टिन’ (१९९०) या गीतात देहदंडाची वाट पाहणारा गुन्हेगार स्वतःच आपली हकीकत सांगतो व आपण निरपराध असल्याचा दावा करीत नाही. ‘एलिस युनिट वन’ हे डेड मॅन वॉकिंग या चित्रपटानिमित्त लिहिलेले गीत तुरुंगातील पहारेकऱ्याच्या तोंडी आहे. १९९८ मध्ये, दोन स्त्रियांच्या खुनाबद्दल देहदंड झालेल्या एका कैद्याने केलेल्या विनंतीवरून अर्ल टेक्ससमधील हंट्‌सव्हिल येथे शिक्षेच्या अंमलबजावणीस साक्षीदार म्हणून उपस्थित राहिला. त्या कैद्याशी त्याचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. ट्रान्सेंडेंटल ब्लूज (२०००) मधील अखेरचे गीत या अनुभवातून निर्माण झाले. टेक्ससमध्ये १९९८ मध्येच देहदंड झालेल्या कार्ला फे टकर या स्त्रीवर त्याने नाटकही लिहिले. गुन्ह्याचे समर्थन न करता गुन्हेगाराचे माणूसपण मान्य करणे, हे या सर्व लेखनाचे सूत्र होय.

जेरूसलेम (२००२) मधील ‘जॉन वॉकर्स ब्लूज’ या गीतामुळे याच भूमिकेची कठोर परीक्षा झाली. अफगाणिस्तानात तालिबानच्या बाजूने लढताना २००१ मध्ये पकडल्या गेलेल्या अमेरिकन तरुणाच्या मनोगताच्या स्वरूपात ते लिहिलेले आहे. न्यूयॉर्कवरील दहशतवादी हल्ल्याला जेमतेम वर्ष होत असताना आलेल्या या गीतावर देशद्रोहाचा आरोप झाला. इराक युद्ध व २००४ ची अध्यक्षीय निवडणूक यांच्या पार्श्वभूमीवरील द रेव्हलूशन स्टार्ट्‌स नाउ मध्ये त्याचा राजकीय सूर अधिक थेट झाला. तिला समकालीन लोकसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले; पण तातडीच्या प्रचारामुळे तिच्यातील काही गीतांत व्यक्तिचित्रणापेक्षा घोषणा वरचढ ठरली, हेही मान्य केले पाहिजे. विपुल लेखनाचा हा दोष त्याच्या इतर काही ध्वनिमुद्रिकांतही आढळतो. वॉशिंग्टन स्क्वेअर सेरनेड (२००७) व टाउन्स (२००९) यांनाही याच विभागातील ग्रॅमी पारितोषिके लाभली.

उत्तरायुष्यातील अर्लच्या निर्मितीत स्मरणाला मोठे स्थान आहे. टाउन्स मध्ये व्हॅन झँटची, गाय (२०१९) मध्ये क्लार्कची, तर जेरी जेफ (२०२२) मध्ये जेरी जेफ वॉकर (१९४२–२०२०) यांची गीते त्याने गायिली. गोस्ट्‌स ऑफ वेस्ट व्हर्जिनिया (२०२०) ही ध्वनिमुद्रिका अपर बिग ब्रँच या कोळशाच्या खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी झालेल्या स्फोटावर आधारलेली आहे. त्या स्फोटात २९ कामगार मृत्युमुखी पडले. तिच्यातील एका गीतात अर्ल त्या मृतांची नावे उच्चारतो. ज्यांची राजकीय मते आपल्याहून भिन्न आहेत, अशा श्रमिकांशी व त्यांच्या वतीने बोलणे हा आपला हेतू असल्याचे त्याने सांगितले. २००४ च्या आवेशानंतरचे हे परिवर्तन लक्षणीय आहे.

व्हॅन झँटच्या नावावरून अर्लने आपल्या मुलाचे नाव जस्टिन टाउन्स ठेवले होते. जस्टिन टाउन्स अर्ल (१९८२–२०२०) हाही नामवंत गीतकार-गायक झाला. परंतु पित्याने मागे टाकलेल्या व्यसनाने त्याला मात्र सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मादक द्रव्यांच्या अतिमात्रेमुळे नॅशव्हिल येथे त्याचा मृत्यू झाला. पुढच्या ४ जानेवारीस, म्हणजे मुलाच्या एकोणचाळिसाव्या जन्मदिनी, जे. टी. (२०२१) ही ध्वनिमुद्रिका अर्लने प्रसिद्ध केली. तिच्यात जस्टिनची दहा गीते असून अर्लचे स्वतःचे केवळ एक आहे. तिचे उत्पन्न नातीसाठी राखून ठेवण्यात आले. शिष्याने गुरूची गीते गाणे हा लोकपरंपरेचा नेहमीचा क्रम होय. येथे पित्याला मुलाची गीते पुढे न्यावी लागली.

अर्लने डॉगहाउस रोझेस (२००१) हा कथासंग्रह व २०११ मध्ये एक कादंबरी लिहिली. द वायर या दूरचित्रवाणी-मालिकेत त्याने व्यसनमुक्त मार्गदर्शकाची भूमिका केली. वीसहून अधिक ध्वनिमुद्रिकांच्या या गायकाला ग्रँड ओल ओप्री या नॅशव्हिलच्या प्रतिष्ठित संस्थेचे सदस्यत्व २०२५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी मिळाले. ज्या व्यवसायाने त्याला एकेकाळी बाहेर ठेवले, त्याच्याच परंपरेचा तो वारसदार होता, याची ही उशिरा मिळालेली मान्यता होय.