रोममध्ये क्षत्रप

इसवी सन 1440. तुम्ही दक्षिण इटलीत आहात, राजा आल्फोन्सोच्या पदरी असलेल्या लोरेन्झो वाल्लाच्या मेजाशी. माणूस तिशी ओलांडलेला. पुढ्यात एका दानपत्राची नक्कल: सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात रोम, इटली आणि पश्चिमेचे प्रांत पोपच्या स्वाधीन केले, असं सांगणारी. आल्फोन्सोचं पोपशी वैर आहे, तेव्हा हे दानपत्र बनावट ठरवण्याचं काम धन्याच्या सोयीचं आहेच. तरी वाल्लाचं बोट कुठे अडतं ते नीट पाहा.

ते 'सत्रप' या शब्दावर अडलंय. सम्राटाने म्हणे सत्रपांच्या संमतीने हे दान दिलं. नाशिकच्या लेण्यांतला क्षत्रप नहपान तुम्हाला आठवतो. शब्द तोच, मूळचा इराणी बादशहांच्या सुभेदारांचा. रोमच्या सम्राटाला सत्रप कुठले? बोट खाली सरकतं. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाचा उल्लेख येतो, पण दानपत्राच्या काळी धर्मपीठ सोडाच, त्या नावाचं शहरही वसलेलं नव्हतं. मग रत्नजडित सोन्याचा मुकुट. त्या काळी तर सम्राट कापडी पट्टा बांधत!

तुमच्या ओठांवर शब्द येतो: अ‍ॅनाक्रॉनिझम. गिळून टाका, इथे तो कुणालाच कळणार नाही. 'आना' म्हणजे उलट, 'ख्रोनोस' म्हणजे काळ. दोन्ही ग्रीक जुनेच, पण त्यांचा हा जोडशब्द इंग्रजीत रुळायला अजून दोनशे वर्षं आहेत. तेव्हाही आधी त्याचा अर्थ असेल कालगणनेतली चूक. भलत्याच काळात जाऊन बसलेली वस्तू, म्हणजे आपण ज्याला कालविपर्यास म्हणतो, तो अर्थ मागाहून येईल.

वाल्लाकडे हा शब्द नाही, नजर मात्र आहे, आणि मला तीच फार मोलाची वाटते. आठव्या शतकात ज्याने हे दानपत्र रचलं, त्याने आपल्या काळची भाषा बिनदिक्कत चारशे वर्षं मागे नेली. पूर्वीची माणसं वेगळं बोलत असतील, हे त्याच्या मनातही आलं नसावं. वाल्ला मात्र प्रत्येक लॅटिन शब्दाला त्याचं वय विचारतो. कुठल्या सम्राटाच्या लेखांत हा शब्द सापडतो? कुठल्या इतिहासकाराने तो वापरलाय? उत्तर आलं नाही, की ते कलम कोसळतं.

या दानपत्रावरचा वाल्लाचा ग्रंथ पुढे छापला जाईल. 1520 मध्ये तो मार्टिन लूथरच्या हाती पडेल, आणि पोपच्या सत्तेविषयीचा त्याचा संशय आणखी पक्का होईल.