पोकळी, पंप आणि एक गैरसमज

पोकळी काही ओढत नाही, बाहेरचा जास्त दाब ढकलतो, असे आपण वर्गात शिकवतो. याच तत्त्वावर व्हिएन्नाच्या ओटो लेडरर यांनी १९१७ साली अमेरिकेत एक पेटंट मिळवले. नळीतली हवा काढली की दाब उतरतो, शिश्नात रक्त भरते. बुडाशी कडे चढवल्यावर ते टिकते. पुढे टायरच्या धंद्यातल्या गेडिंग्ज ऑसबन यांनी असा पंप बनवला. १९८२ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली, ती ताठरता न येण्यावरचा उपचार म्हणून, लिंगवाढीसाठी नव्हे! रक्त भरल्याने ऊती वाढत नाहीत. २००६ सालच्या सहा महिन्यांच्या चाचणीतही लक्षणीय वाढ दिसली नाही. दाब मर्यादित ठेवणारी झडप नसलेला पंप इजा करतो. कडे अर्ध्या तासात काढावेच लागते. मुलांची शंका आपण हसण्यावारी नेली, तर उत्तर जाहिरात देते.