जोर-बैठका मारताना दम कोंडताय? श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा. वाचा सोप्या भाषेत

पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावून आली की मैदानावर डिप्स, बैठका आणि बीम सुरू होतात. किती मारले याची मोजणी सगळेच करतात. श्वासाकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. दात-ओठ खाऊन, दम कोंडून आकडा पूर्ण करायचा आणि मग डोळ्यांपुढे अंधारी आली की खाली बसायचं, हे चित्र नवीन नाही.

यात नुकसान दोन्हीकडून आहे. सैन्याच्या भरती मेळाव्यात जनरल ड्युटी पदासाठी १० बीमला ४० गुण मिळतात, ९ ला ३३ आणि ६ ला १६. म्हणजे शेवटचा एक बीम ७ गुणांचा. दम आधीच संपला तर हातात ताकद असूनही तो बीम निघत नाही. आणि ज्यांना बीपीचा त्रास आहे, त्यांच्यासाठी तर दम कोंडणं धोक्याचंच.

दम कोंडल्यावर शरीरात काय होतं?

जोर लावताना श्वास रोखला की घसा आतून बंद होतो आणि छाती-पोटातला दाब वाढतो. त्यासोबत रक्तदाबही एकदम वर जातो. हा दाब तसाच राहिला की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. मग श्वास सोडताच रक्तदाब झपकन खाली येतो. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि चक्कर येते.

खूप जड वजन उचलणारे पैलवान पाठीचा कणा ताठ राहावा म्हणून क्षणभर मुद्दाम श्वास धरतात. पण तो सरावाचा आणि एखाद-दुसऱ्या उचलीचा विषय आहे. आपल्याच शरीराच्या वजनावर २०-५० वेळा करायच्या व्यायामात त्याची गरज नसते.

एकच नियम लक्षात ठेवा

ताकद लावताना श्वास सोडायचा, सैल होताना घ्यायचा. कोणत्या व्यायामात कधी, ते असं:

- डिप्स (साधे जोर): छाती जमिनीकडे नेताना नाकाने श्वास घ्या. हाताने शरीर वर ढकलताना सोडा.
- तालमीतले जोर: छाती पुढे काढून वर उचलताना श्वास आत. कंबर मागे-वर नेताना पोट दबतं, तेव्हा श्वास बाहेर.
- बैठका: खाली जाताना घ्या, उठताना सोडा.
- बीम: लटकलेल्या स्थितीत श्वास घ्या. हनुवटी दांडीच्या वर नेताना सोडा. सावकाश खाली येताना पुन्हा घ्या. शेवटचे दोन-तीन बीम राहिले असतील तर घाई न करता लटकूनच एक पूर्ण श्वास घ्या आणि मग ओढा.
- पोटाचे व्यायाम: पाठ टेकलेली असताना घ्या, वर उठताना सोडा.
- प्लँक: यात हालचाल नसल्यामुळे दम नकळत कोंडला जातो. म्हणून छोटे-छोटे श्वास सतत चालू ठेवा.
- सूर्यनमस्कार: मागे वाकताना छाती उघडते, तेव्हा श्वास घ्या. पुढे वाकताना सोडा.

दम कोंडलाय हे कसं ओळखायचं?

सोपा उपाय म्हणजे आकडा मोठ्याने मोजायचा. बोलताना श्वास बाहेर पडतोच. त्यामुळे वर येताना "एक... दोन..." म्हटलं की श्वास आपोआप सुटतो. तोंडातून आकडा निघत नसेल, तर दम कोंडलाय किंवा वेग जास्त झालाय असं समजा. अशा वेळी वेग कमी करा. घाईत मारलेल्या ५० बैठकांपेक्षा श्वास सांभाळून मारलेल्या ३० जास्त कामाच्या.

पोटाने श्वास घ्यायची सवय

श्वासाचं मुख्य काम छाती आणि पोट यांच्यामधला पडदा करतो. नुसते खांदे उचलून घेतलेला श्वास वरवरचा राहतो. रोज रात्री उताणं झोपून एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. श्वास घेताना पोटावरचा हात आधी वर आला पाहिजे. रोज पाच मिनिटं केलं तरी हळूहळू सवय लागते.

श्वास शक्यतो नाकाने घ्या. धूळ नाकात अडते आणि थंडीत हवा थोडी गरम होऊन आत जाते. दम वाढला की तोंडाने सोडायला हरकत नाही. पाचट किंवा कचरा पेटवलेला असेल, तर धूर असलेल्या बाजूला व्यायाम करू नका. जेवणानंतर किमान दोन-तीन तास थांबा.

शेतातही हाच नियम

खताचं पोतं उचलणं हासुद्धा ताकदीचाच व्यायाम आहे. गुडघ्यात वाका, पोतं अंगाजवळ घ्या आणि उठताना श्वास सोडा. दम कोंडून वारंवार जोर लावला तर पोटावर ताण येतो. ज्यांना हर्नियाचा त्रास आहे, त्यांचा त्रास यामुळे वाढू शकतो.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं?

बीपी, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारूनच हे व्यायाम सुरू करावेत. दमा असणाऱ्यांनी पंप जवळ ठेवावा.

व्यायाम करताना चक्कर आली तर लगेच थांबा, आडवं व्हा आणि पाय थोडे उंचावर ठेवा. छातीत दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर "थोडं बसलं की बरं वाटेल" म्हणत वेळ घालवू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.