पक्षाघात: वडिलांना झाला, मलाही होईल का?

वडिलांच्या अंगावरून वारं गेलं की मुलांना हीच भीती वाटते. पक्षाघाताचा कल काही प्रमाणात वारशाने येतो, झटका मात्र ठरलेला नसतो. 2022 मध्ये एक लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातील 89 जागांचा पक्षाघाताशी संबंध आढळला. यातला एकेक बदल धोका थोडासाच वाढवतो. काही बदल रक्तदाब वाढवून धोका निर्माण करतात. रक्तदाब आपल्या हातात आहे.

अपवाद म्हणजे कॅडासिल हा दुर्मीळ आजार. तो ‘नॉच-3’ या एकाच जनुकातील दोषामुळे होतो आणि प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता 50 टक्के असते. घरात अनेकांना कमी वयात पक्षाघात किंवा अर्धशिशी झाली असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना सांगा. इतरांना जनुकीय तपासणीची सहसा गरज नसते.

काय करावे?

- रक्तदाब आणि साखर नियमित तपासा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका.
- तंबाखू, बिडी सोडा.
- तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले तर लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. वडवणीहून बीड किंवा अंबाजोगाईला निघताना सीटी स्कॅन सुरू आहे का, हे फोनवर विचारा.