शेजाऱ्याची साक्ष

पेन्शनर म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काठी, मफलर आणि महिन्याची पहिली तारीख उभी राहते. पुण्याला तर ‘पेन्शनरांचे गाव’ असे नावच पडले होते. नोकरी संपली की पेन्शन आपोआप मागून चालत येते, अशी आपली समजूत. पण अमेरिकेत एक काळ असा होता, की म्हाताऱ्या शिपायाचे पेन्शन त्याच्या शौर्याइतकेच त्याच्या शेजाऱ्याच्या जिभेवर अवलंबून असे.

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण राज्ये एकमेकांशी लढली. युद्ध ऐन भरात असताना, १४ जुलै १८६२ रोजी, पेन्शनचा कायदा झाला. लढाईत जखमी झालेल्या किंवा नोकरीत असताना रोग जडलेल्या शिपायाला सरकारने पोसावे, हे त्याचे सार. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वाबद्दल दरमहा ८ डॉलर. अपंगत्व मोजायचे माप एकच : अंगमेहनत करण्याची ताकद किती उरली? दक्षिणेकडून लढलेल्यांना अर्थातच यातले काही मिळाले नाही. त्यांची सोय पुढे त्यांच्या त्यांच्या राज्यांनी जमेल तशी केली.

गोळीने पाय गेला असेल तर प्रश्न नव्हता. पाय नाही हे कोणालाही दिसे. पण त्या युद्धात गोळीपेक्षा रोगानेच माणसे अधिक मेली, आणि जगली त्यांतली कितीतरी जुनाट जुलाब, संधिवात, हिवताप घेऊन घरी आली. हा संधिवात छावणीतल्या चिखलातला की नंतर शेतात राबून आलेला, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? लष्करी दप्तरे अपुरी. पलटणीतले सोबती पांगलेले. सरकारी डॉक्टर तपासत खरे, पण डॉक्टर त्या माणसाला पाहणार एक दिवस. कापणीच्या दिवसांत तो दुपारनंतर बांधावर बसून राहतो, थंडीत त्याची लाकडे त्याची बायको फोडते, हे ठाऊक कोणाला? कुंपणापलीकडच्या माणसाला!

म्हणून शेजाऱ्याची जबानी पुराव्यात धरली जाई. एक छापील कागद असे. अर्जदाराला मी इतकी वर्षे ओळखतो, त्याच्या घरापासून इतक्या अंतरावर राहतो, पलटणीत जाण्यापूर्वी तो धडधाकट होता, परत आला तो असा आला. आणि शेवटी, या दाव्यात माझा कसलाही लाभ नाही, अशी शपथ. सही येत नसेल तर फुली मारायची आणि ती फुली याचीच म्हणून दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. मजकूर बहुधा एजंट लिही, त्यामुळे दहा जबान्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसत. पण मधेच एखादे वाक्य असे येते, की ते एजंटाला सुचणे शक्य नाही. तिथे तो शेजारी स्वतः बोलू लागतो.

१८७९ साली मागील थकबाकीही द्यावी असे ठरले आणि अर्जांचा पूर आला. १८९० च्या कायद्याने तर दार आणखी उघडले. नव्वद दिवसांची नोकरी पुरे, अपंगत्व युद्धातलेच हवे असे नाही. मात्र ते ‘दुर्व्यसनांमुळे’ आलेले नसावे. आता शेजाऱ्यावर नवेच काम पडले : हा दारू पितो की नाही हे शपथेवर सांगण्याचे! खोटे बोलावे तर शपथ मोडते. खरे बोलावे तर रोज सकाळी त्याच घराचे दार दिसते. १८९३ च्या सुमारास सरकारी उत्पन्नाचे सुमारे ४० टक्के या पेन्शनांवर जात होते.

शेजार म्हटला की हेवा आलाच. १८८३ साली सिनेटच्या आज्ञेने सगळ्या पेन्शनरांची यादी पाच खंडांत छापली गेली : नाव, टपालाचे गाव, अपंगत्वाचे कारण आणि दरमहा रक्कम. शेजारच्याच्या पाठदुखीची सरकारी किंमत गावाला छापून कळू लागली. तक्रारी आल्या, की वॉशिंग्टनहून खास तपासनीस येई. तो घरोघर फिरे, साक्षी घेई आणि साक्षीदाराची गावात पत काय आहे तेही अहवालात टिपून ठेवी. म्हणजे साक्ष देणाऱ्याचीही परीक्षा होतीच.

ही परीक्षा सर्वांत कडक झाली ती कृष्णवर्णीय शिपायांची. उत्तरेच्या फौजेत ते सुमारे १ लाख ८० हजार होते आणि त्यांतले पुष्कळजण कालपरवापर्यंत गुलाम होते. जन्माची नोंद नाही, लग्नाचा कागद नाही. पलटणीत मालकाचे आडनाव, सुटकेनंतर बापाचे. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या ‘प्लेगाच्या साली’ म्हणून वय सांगत, तसे ते लोक ‘तारे पडले त्या वर्षी’ म्हणत. १८३३ च्या नोव्हेंबरात मोठा उल्कावर्षाव झाला होता, ते ते वर्ष. अशांना शेजारपाजाऱ्यांवाचून पुरावा कुठला? ज्या दक्षिणेत गोऱ्याविरुद्ध यांची साक्ष कोर्टात चालत नसे, तिथल्याच माणसांची फुली आता वॉशिंग्टनच्या दप्तरात जाऊ लागली. तिला वजन मात्र सारखे मिळाले नाही. गोऱ्या अर्जदारांपैकी सुमारे ९२ टक्क्यांना कधी ना कधी यश आले, यांच्यापैकी सुमारे ७५ टक्क्यांना.

गुलामांना पळवून सोडवणारी हॅरिएट टबमन आपल्याकडेही थोडीफार ठाऊक आहे. तिचा नवरा नेल्सन डेव्हिस हा फौजेत ‘नेल्सन चार्ल्स’ या नावाने होता. तो १८८८ साली वारला. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करता करता टबमनबाईंना १८९५ साल उजाडले. तेव्हा विधवा म्हणून दरमहा ८ डॉलर सुरू झाले. एवढ्या नावाजलेल्या बाईची ही कथा, तर कापसाच्या शेतातल्या अनामिक शिपायाचे काय झाले असेल!

पुढे १९०७ च्या कायद्याने वय हेच कारण मानले : ६२ व्या वर्षी १२ डॉलर, ७५ व्या वर्षी २०. तेव्हापासून पाठदुखीची साक्ष फारशी लागेना. वयाची मात्र लागे, आणि ‘तारे पडले ते वर्ष’ पुन्हा उपयोगी पडे. अर्जांचे हे गठ्ठे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या युद्धातले शेवटचे पेन्शन बंद झाले ते २०२० साली. नॉर्थ कॅरोलिनातली नव्वद वर्षांची एक बाई, म्हाताऱ्या शिपायाची उतारवयात झालेली मुलगी, त्या वर्षी ३१ मे रोजी वारली. तिला मिळत होते दरमहा ७३ डॉलर १३ सेंट, आणि तेही अपंगत्वाच्याच कारणाने.