येसकर : पाळीचं आडनाव

मुंबईत भाड्याची खोली बघायला गेलो की मालक आधी आडनाव विचारायचा. जात विचारायची ती आडवाट, तुम्हाला सांगायला नको. मी म्हणायचो, येसकर. मालक जरा घोटाळायचा. कांबळे म्हटलं असतं तर त्यानं तिथंच हिशेब केला असता. पण हे शेवटी 'कर' लागलेलं. मग तो विचारायचा, "येस हे गाव कुठं आलं? कोकणात का?"

येस नावाचं माझं काही गाव नाही. येस म्हणजे वेस. गावकुसाचा दरवाजा. आमचं खेडं नगरकडं आहे, आणि त्या गावाला वेस होती, तिची एक कमान मी पोरपणी बघितलेली आहे. त्या वेशीचा राखणदार तो येसकर.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण माझा पुतण्या. चळवळीत आहे, वाचणारा आहे. मागं एकदा घरी आला आणि म्हणाला, "तात्या, मी राजपत्रात जाहिरात देतोय. हे आडनाव टाकणार. गुलामीचं नाव पोराच्या दाखल्यावर कशाला चढवायचं?" मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. माझ्याही मनात कधीतरी ते येऊन गेलेलंच होतं. पण टाकायचं तर काय टाकतोय ते आधी बघावं, एवढंच म्हटलं. मग मीच बघत बसलो.

आधी शब्द घ्या. पुस्तकी मराठीत वेसकर पाहिजे. आपल्या तोंडात वेळाचा येळ होतो, वेड्याचा येडा होतो, तसा वेसकराचा येसकर झाला. कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. म्हणजे आडनाव लिहिलं त्यांनी, पण उच्चार आपला राहिला. कुठं कुठं वेसकर असंही लिहितात. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे, पण आडनाव म्हणून नाही, कामाचं नाव म्हणून.

काम काय? दिवस मावळला की वेशीचा दरवाजा लावायचा, झुंजुमुंजू झालं की उघडायचा. परका माणूस गावात आला तर पाटलाला वर्दी द्यायची. सरकारी साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, सामान पुढच्या गावाच्या शिवेवर पोचवायचं. शिवेचं भांडण लागलं की हद्द दाखवायची. तिथं महाराचा शब्द प्रमाण धरत. मयताची खबर परगावच्या सोयऱ्याला सांगायला ऊन-पाऊस न बघता जायचं. चावडीपुढं झाडायचं, लाकडं फोडायची. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी. सांजच्याला दारोदार भाकरी मागायची, जोहार घालायचा. खळ्यावर बलुतं मिळायचं ते सगळ्यांच्या शेवटी. आणि एवढं गावाचं दार राखणारा माणूस राहायचा कुठं? दाराबाहेर. रात्री दरवाजा लावून तो आपल्या घरी जायचा तो वेशीच्या बाहेरच. चोर-दरोडेखोर आले तर पहिली गाठ महारवाड्याशी.

आता मुद्द्याची गोष्ट. येसकरकी ही कुणा एका घराची नव्हती. महारांचं वतन सगळ्या भावकीचं मिळून असायचं. त्याच्या तक्षिमा पडलेल्या. सोळा आण्यांचं वतन, कुणाचे चार आणे, कुणाचे दोन आणे. तक्षिमेप्रमाणे जमीन, म्हणजे ती हाडकी-हाडवळा, आणि तक्षिमेप्रमाणे कामाची पाळी. यंदा या घराची काठी, पुढल्या साली त्या घराची. वर्षभर राबून पाळी संपली की काठी दुसऱ्याच्या हातात. कुठं त्याला येसकर म्हणत, कुठं तराळ. पाडेवार हे आणखी एक काम. तराळ हे नाव तर शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथेच्या माथ्यावरच लिहिलं, 'तराळ-अंतराळ', १९८१ साली.

म्हणजे येसकर सगळेच झालेले आहेत. तुमचा आजा, पणजा, सगळे. मग आडनाव येसकर असणारी माणसं इतकी थोडी का?

याचं उत्तर मला आमच्या आजीनं दिलं. ती म्हणायची, "आरं, ती काठी काय आपली न्हवं. त्या साली आपली पाळी हुती म्हून तुझा आजा येसकर. त्याच साली तुझ्या बापाला साळंत घातला. मास्तरानं इचारलं, आडनाव काय? आजा म्हनला, म्हार हाय जी. मास्तर म्हनला, ते ठावं हाय, काम काय करतूस? तर म्हनला, यंदा येसकर हाय. झालं, लिवलं."

यंदा येसकर हाय. यंदा! पुढल्या साली काठी चुलत्याकडं गेली, पण नाव आमच्या दारात राहिलं. वर्षभराची पाळी होती, ती पिढ्यांची झाली. चुलत आजोबा पुण्याला रेल्वेत लागले, तिथं त्यांनी सोयरीक जुळवताना सांगायचं ते कूळ सांगितलं, गायकवाड. तेव्हा सख्खे भाऊ, एक येसकर, एक गायकवाड. अशी घरं तुमच्याही भावकीत निघतील, शोधून बघा.

तुम्ही म्हणाल, त्याआधी आपल्याला आडनावं नव्हती का? कुळं होती, आणि ती सोयरिकीला लागत. पण कागदावर आपण कसे चढलो ते बघा. भीमा कोरेगावच्या स्तंभाजवळ दर १ जानेवारीला जाता, तेव्हा नुसतं वंदन करून येऊ नका, नावं वाचा. १८१८ सालच्या त्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं 'नाक' लावून कोरलेली आहेत. पोराच्या नावाला नाक, बापाच्या नावाला नाक, आणि तिथंच नाव संपलं. या 'नाक'चा उगम कुणी नागाशी लावतात, कुणी नायकाशी. जुन्या गावदप्तरात आणखी निराळी तऱ्हा : अमुक बिन तमुक महार. विदर्भात बिनच्या जागी वल्द. आडनावाची जागा जातीनं धरलेली. शाळा, पलटण, गिरणी, रेल्वे यांच्या हजेरीपटांनी आडनावाचा रकाना आणला, तेव्हा आपल्याला तो भरायची पाळी आली. मग कुणी कूळ लिहिलं, कुणी गावाचं नाव. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला नाव लागलं ते भिवा रामजी आंबेडकर. आणि कुणी कुणी, आमच्या आजासारखं, त्या सालचं काम सांगून बसलं.

इथं मला कुलकर्णी आठवतो. कुलकर्णी हेही कामाचंच नाव. पाटील, देशमुख, देशपांडे तसेच. परगणा आणि कुलकर्णी वतनं खालसा करणारा कायदा १९५० चा, पाटीलकीचा १९६२ चा. वतन गेलं, नाव राहिलं. राहिलं कसलं, वाढलं. ज्याच्या आजानं दप्तर हातात धरलेलं नाही तोही कुलकर्णी. कारण ते नाव एका घराण्याचं होतं, बापाकडून लेकाकडं जायचं आणि मिरवता यायचं. आमचं नाव वाटून घेतलेलं होतं, म्हणून कुणा एकाचं झालं नाही. आणि मिरवायचं म्हणाल तर भाकरी मागायची काठी कोण मिरवणार? जिथं चिकटलं तिथंही पोरांनी शहरात आल्या आल्या खरवडून काढलं. कुणी गायकवाड झाला, कुणी जाधव, कुणी गावाच्या नावाला 'कर' लावून मोकळा झाला. माझ्या मते आडनाव दुर्मिळ होण्याला ही दोन कारणं पुरेत : मुळात लागलं थोड्यांना, आणि त्यातल्या पुष्कळांनी टाकलं.

मुलखाचंही कारण आहे. गावकूस आणि वेस ही देशावरची गोष्ट. कोकणात गाव वाड्यावाड्यांनी पसरलेलं, तिथं दरवाजा लावणार कशाला? नागपूरकडं गावच्या राखणदाराला कोतवाल म्हणत, आणि तिकडं मेश्राम, रामटेके, गजभिये, खोब्रागडे ही कुळंच ठसठशीत. म्हणून खोलीमालकाचा कोकणाचा अंदाज साफ चुकलेला. त्याला मी कधी सांगितलं नाही. खोली मिळायची होती.

किती येसकर आहेत, हा आकडा मात्र कुणी काढलेला नाही आणि काढताही येत नाही. जनगणनेत तुमचं नाव लिहून घेतात, पण १९४८ च्या जनगणना कायद्यानं ते कागद कुणाला दाखवायचे नाहीत, आणि आडनावांची बेरीज सरकार छापत नाही. धर्म मोजला जातो. म्हणून आपल्याला कळतं की महाराष्ट्रात १९५१ साली बौद्ध २,४८७ होते आणि १९६१ साली २७,८९,५०१. दहा वर्षांत एवढा रकाना बदलला! त्याच वर्षांत किती आडनावं बदलली, त्याची कुठं नोंद नाही. पुढच्या जनगणनेत जात मोजायचं सरकारनं २०२५ साली जाहीर केलं, तरी आडनावाचा हिशेब लागणार नाहीच. मतदार यादी तेवढी उघडी असते. ती घेऊन आपल्या गावापुरतं बसा, बोटांवर मोजून होईल.

आता पुतण्या म्हणतो ते गुलामीचं. त्यात खोटं काही नाही. १८७४ च्या वतन कायद्यानं महाराला सरकारचा आणि गावाचा चोवीस तासांचा चाकर केलं. पाळीवाला घरी नसला तर त्याच्या बापाला, भावाला ओढून नेत. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त या वतनावर आसूड ओढला, १९ मार्च १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. ते पुढं निभावलं नाही, १९२९ साली मागं घ्यावं लागलं. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदार महार-मांगांची परिषद घेतली. शेवटी कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, लागू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. बाबासाहेब ते बघायला नव्हते. आमच्या आजीनं त्या साली ती घुंगरकाठी चुलीत घातली. घुंगरं तेवढी काढून ठेवली, बैलाच्या गळ्यात बांधली.

वतन गेलं तेव्हा जमीनही सरकारजमा झाली, आणि कब्जाहक्काची रक्कम भरून पुन्हा आपल्यालाच दिली, पण नव्या शर्तीवर. सातबाऱ्यावर ती भोगवटादार वर्ग दोन म्हणून लागते, परवानगीशिवाय विकता येत नाही. इथं आडनाव आडवं येतं ते बघा. जमीन आजाच्या नावावर, 'अमुक बिन तमुक महार', आडनाव नाही. वारस आम्ही येसकर, गायकवाड आणि आणखी दोन तऱ्हेचे. आजा गेल्यावर वारसनोंदीला गेलो तर कागद घेणारा म्हणाला, ही एका भावकीची नावं दिसत नाहीत. त्याचंही नियमात बरोबर होतं, आणि त्या नियमात आमच्या चार वर्षांच्या खेपा गेल्या. मधल्या काळात बांधाशेजारच्यानं दोन सऱ्या आत नांगर घातला.

पोराच्या जातीच्या दाखल्यालाही तेच. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आमच्याकडं तो एकच निघाला : बापाचा शाळेचा उतारा. जात महार, आडनाव येसकर. ज्या मास्तरानं एक सालची पाळी कायमची लिहून टाकली, त्याच्याच हातचा कागद. कोतवाल बुकात आत्याच्या जन्माची नोंद सापडली, तिथं आडनावच नाही.

पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो सातबारा हातात धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "म्हणजे तात्या, टाकायचं तरी आधी हे सगळं एका कागदावर आणायला पाहिजे." मी म्हटलं, तेवढं कर आधी, मग तुझं तू ठरव. मुखत्यार मी नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तहसिलाबाहेर टाइप करणाऱ्याकडं गेलो. चुलत भाऊ गायकवाड आला, एक गावाच्या नावाचा 'कर' लावणारा आला, आणि एक असा, ज्याच्या कागदावर आडनावाच्या जागी अजून नुसतं 'महार' आहे. प्रतिज्ञापत्रात लिहिलं की खालील चार आडनावांच्या व्यक्ती एकाच मूळ पुरुषाच्या वारस आहेत. टायपिस्टनं दोनदा विचारलं, "चारही एकाच घरातले? नक्की?" सह्या झाल्या. चौथी सही पुतण्याची होती. त्यानं येसकर लिहिलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "यंदापुरतं."