ओर्देसाचा शेवटचा बुकार्दो

फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये पिरेनीज पर्वताची रांग अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक पसरली आहे. 1659च्या तहाने ही रांग दोन राज्यांमधील सीमा ठरली. प्रत्यक्ष रेषा आखून 602 क्रमांकांचे दगड बसवायला मात्र 19वे शतक उजाडावे लागले. रांगेच्या मध्यभागी, फ्रेंच बाजूला गाव्हार्नी हे गाव आहे. तेथून तासभर चालले की सुमारे 420 मीटर उंचीच्या धबधब्याचा प्रचंड कडा समोर येतो. त्याच कड्याच्या पाठीमागे, स्पेनच्या हद्दीत ओर्देसाची दरी आहे. उन्हाळ्यात तेथे खाजगी मोटारी नेऊ देत नाहीत. तोर्ला गावातून बस पकडायची, ‘घोड्याची शेपटी’ नावाच्या धबधब्यापर्यंत चालत जायचे आणि संध्याकाळी परतायचे, अशी ही एका दिवसाची सहल असते.

या पर्वतात केवळ पाहण्यासाठी चढणाऱ्यांपैकी रामाँ द कार्बोनिएर हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक आद्य म्हणावा लागेल. मोन्ते पेर्दिदो, म्हणजे ‘हरवलेला पर्वत’, हे सुमारे 3350 मीटर उंचीचे शिखर त्याला खुणावत होते. रांगेतील उंच शिखरे ग्रॅनाइटचीच असणार, असा त्या काळचा समज होता. रामाँला मात्र येथे चुनखडक आणि त्यात सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडले. (आपल्याकडे गंडकी नदीत मिळणारा शाळिग्राम हाही सागरी प्राण्याचाच जीवाश्म आहे, हे विद्यार्थ्यांना येथे सांगता येईल.) 1802च्या ऑगस्टमध्ये तो शिखरावर पोहोचला. त्याचे वाटाडे एका मेंढपाळासह चारच दिवस आधी तेथे जाऊन आले होते. पण कीर्ती मिळाली ती रामाँला. असे नेहमीच होते.

याच कड्यांवर एक रानबोकड राहत असे. स्पेनमधील आयबेक्सची ही पिरेनीजमधील उपजाती. स्थानिक नाव बुकार्दो. नराची शिंगे जाड आणि पिळदार असत, आणि तीच त्याच्या मुळावर आली. 19व्या शतकात रामाँच्या मागोमाग हौशी गिर्यारोहक आले, तसेच बंदूकवालेही आले. फ्रान्समधील पो या गावी हिवाळा घालवणाऱ्या इंग्रज धनिकांना शिकारीचे वेड होते. मोठ्या शिंगांचे नर निवडून मारले गेले. 20व्या शतकाच्या सुरुवातीस फ्रेंच बाजूचा बुकार्दो संपला आणि मूठभर प्राणी ओर्देसाच्या आसऱ्याला उरले.

1918 साली स्पेनने ओर्देसाची दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवली. बुकार्दोचा हा अखेरचा आसरा टिकवणे हाही त्यामागचा एक हेतू होता. पण उद्यान होते जेमतेम 2,000 हेक्टरांचे, म्हणजे सुमारे 20 चौ. कि.मी. 1982मध्ये ते 15,600 हेक्टरांपर्यंत वाढवले, तोपर्यंत उशीर झाला होता. माझ्या मते खरी चूक येथेच झाली. दरीला कुंपण घालता येते. पण इतक्या थोड्या प्राण्यांच्या कळपात आपसातच वीण होत राहते, आणि एखादा रोग किंवा एखादा कडक हिवाळा पुरेसा ठरतो. बंदुका थांबल्यावरही संख्या सावरली नाही, ती अशा अनेक कारणांनी.

शेवटी एक मादी उरली. तिचे नाव सेलिया. 1999मध्ये तिला पकडून कानाच्या त्वचेचा छोटा तुकडा घेतला, रेडिओचा पट्टा बांधला आणि पुन्हा सोडून दिले. 6 जानेवारी 2000 रोजी ती उन्मळून पडलेल्या झाडाखाली मृत सापडली. कानाच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवल्या होत्या. त्यांतील केंद्रक, स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या शेळीच्या अंडपेशीत घालून भ्रूण तयार करण्यात आले आणि ते दुसऱ्या माद्यांच्या गर्भाशयात ठेवले. 30 जुलै 2003 रोजी एक पिल्लू जन्मले. फुप्फुसातील दोषामुळे ते काही मिनिटांतच गेले. नामशेष झालेली उपजाती परत आली आणि पुन्हा नामशेष झाली! या प्रयोगाचा वृत्तांत 2009मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर गाजावाजा झाला. परंतु ते पिल्लू जगले असते तरी काय? सेलियाच्या पेशींत वाय गुणसूत्र नव्हते; तिच्यापासून नर कसा मिळणार? एक प्राणी म्हणजे कळप नव्हे.

सीमेच्या फ्रेंच बाजूला मात्र वेगळाच मार्ग घेतला गेला. तेथे 1948 सालीच आल्प्समधून मार्मोट आणून सोडले होते. ते वाढले आणि सीमेचे दगड ओलांडून स्पेनमध्येही पोहोचले. आज ओर्देसाच्या वाटेवर शीळ घालतात ते हेच पाहुणे. त्याच धर्तीवर 2014पासून माद्रिदजवळच्या ग्वादारामा डोंगरातील आयबेक्स फ्रेंच पिरेनीजमध्ये सोडण्यात आले. ती निराळी उपजाती, म्हणून काही अभ्यासकांना हे पटत नाही. मला त्यांचा आक्षेप समजतो, पण रिकामा कडा त्याहून बरा असे म्हणवत नाही. आता त्यांची संख्या काही शेंवर गेली आहे. सेलियाचा पेंढा भरलेला देह तोर्ला येथील उद्यानाच्या माहिती केंद्रात ठेवलेला आहे.